लॅपटॉपला जास्त रेझोल्यूशनची स्क्रीन बसवताना

लॅपटॉपची स्क्रीन बदलण्याचे काम स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच निम्मे झालेले असते किंवा निम्मे बिघडलेले असते. जुने पॅनेल काढून त्याच जातीचे नवे बसवणे सोपे आहे. १३६६ × ७६८ च्या जागी १९२० × १०८० चे पॅनेल बसवायचे असेल, तर मात्र पॅनेल, केबल आणि मदरबोर्ड या तिघांचे जमते की नाही ते आधी पाहावे लागते. या तिघांत सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती केबल, आणि अनेकदा काम अडते तेही तिच्यापाशीच. म्हणून या लेखात खोलण्या-जोडण्याइतकीच जागा आधीच्या तपासणीला दिली आहे.

पहिला प्रश्न किती रेझोल्यूशन घ्यायचे हा आहे. १५.६ इंची स्क्रीनवर १३६६ × ७६८ म्हणजे इंचामागे साधारण १०० पिक्सेल होतात. या घनतेला मराठी मजकुरातील जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार लहान आकारात एकमेकांत मिसळू लागतात. त्याच मापावर १९२० × १०८० घेतले की घनता १४१ होते, १४ इंची स्क्रीनवर १५७, आणि एकूण पिक्सेल साडेदहा लाखांवरून जवळपास पावणेएकवीस लाखांवर जातात. अक्षरांच्या कडा लगेच स्वच्छ दिसतात आणि शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून काम करता येते. ३८४० × २१६० ही पायरी मात्र या मापाच्या लॅपटॉपवर मला फारशी पटत नाही. ती मिळवण्यासाठी बहुतेक वेळा केबलपासून सगळे बदलावे लागते, बॅटरी लवकर उतरते, आणि सर्व काही २०० ते २५० टक्के मोठे करूनच पाहावे लागत असल्याने जागेचा फायदा उरत नाही. जुन्या लॅपटॉपसाठी १९२० × १०८० हाच सर्वांत समजूतदार टप्पा आहे.

पॅनेल बदलायचेच आहे, तर केवळ पिक्सेल मोजू नयेत. स्वस्त लॅपटॉपमधील मूळ स्क्रीन बहुधा टीएन प्रकारची असते. ती वरून किंवा खालून पाहिली की रंग उलटल्यासारखे दिसतात आणि मान थोडी हलली तरी चित्राचा उजेड बदलतो. आयपीएस प्रकारात हा दोष जवळजवळ राहत नाही. माझ्या मते दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला टीएनवरून आयपीएसवर गेल्याचे सुख रेझोल्यूशन वाढल्याच्या सुखापेक्षा मोठे असते. रंगांच्या बाबतीत पॅनेलच्या माहितीपत्रकातील एनटीएससीचा (रंगांच्या एका जुन्या मोजपट्टीचा) टक्का पाहावा. ४५ टक्के असेल तर रंग फिके दिसतात, तर ७२ टक्के म्हणजे साधारण संपूर्ण एसआरजीबी, अर्थात संगणकावर नेहमी वापरला जाणारा प्रमाण रंगपट्टा. उजेडाचा आकडा निट्समध्ये असतो. २२० ते २५० निट्स बंद खोलीत पुरतात, पण खिडकीजवळ बसायचे असेल तर ३०० च्या खाली जाऊ नये.

पाठीवरचे लेबल

आपल्या लॅपटॉपमध्ये सध्या कोणते पॅनेल आहे, हे काही न खोलताही बऱ्यापैकी कळते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील मॉनिटरच्या तपशिलांत हार्डवेअर आयडी पाहिला, तर सुरुवातीची तीन अक्षरे उत्पादक सांगतात: एयूओ म्हणजे एयू ऑप्ट्रॉनिक्स, बीओई म्हणजे त्याच नावाची कंपनी, एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, सीएमएन म्हणजे इनोलक्स. ही माहिती ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून येते. ती पॅनेलमध्येच साठवलेली असते आणि लॅपटॉप सुरू होताना तीच वाचून रेझोल्यूशन ठरवतो. म्हणूनच योग्य पॅनेल योग्य केबलने जोडले की सहसा वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही.

तरीही खात्रीचा पुरावा म्हणजे पॅनेलच्या पाठीवर चिकटवलेले लेबल, आणि त्यासाठी एकदा लॅपटॉपची स्क्रीन खोलून पाहण्याचे कष्ट घ्यावेत असे मी आग्रहाने सांगतो. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये उत्पादक वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेल वापरतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या अनुभवावर विसंबता येत नाही. लेबलवरील क्रमांकातून बरेच काही वाचता येते. एयू ऑप्ट्रॉनिक्सच्या ‘बी १५६ एक्सटीएन’मध्ये १५६ म्हणजे १५.६ इंच, एक्स म्हणजे १३६६ × ७६८ आणि टीएन म्हणजे पॅनेलचा प्रकार. ‘बी १५६ एचएएन’मधील एच म्हणजे १९२० × १०८०, तर पुढचा ए आयपीएसच्याच जातीचा प्रकार दाखवतो. एलजीच्या क्रमांकात ‘डब्ल्यूएच’ हे कमी रेझोल्यूशनचे आणि ‘डब्ल्यूएफ’ हे १९२० × १०८० चे चिन्ह. मुख्य क्रमांकानंतर कंसात येणारी अक्षरे लोक वगळतात, पण त्यांना महत्त्व आहे. मुख्य क्रमांक सारखा असूनही शेपटातील अक्षरे वेगळी असतील तर जोडणी किंवा पट्ट्यांची, म्हणजे पॅनेल स्क्रूने पक्के करायच्या कडेच्या धातूच्या पट्ट्यांची, रचना निराळी असू शकते. संपूर्ण लेबलचा फोटो काढून ठेवावा.

जोडणीचा प्रकार

लॅपटॉपची स्क्रीन मुख्यतः दोनपैकी एका पद्धतीने जोडलेली असते. जुनी पद्धत एलव्हीडीएस आणि नवी ईडीपी. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि इतर काही कंपन्यांनी एलव्हीडीएस टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ईडीपी आढळते, तर त्याआधीच्यांत बहुतेक एलव्हीडीएस. ईडीपीची केबल बहुधा ३० पिनांची आणि एलईडी बॅकलाइटच्या (स्क्रीनमागून उजेड देणाऱ्या दिव्यांच्या) एलव्हीडीएसची ४० पिनांची असते.

येथे एक धोका ध्यानात ठेवावा. ४० पिनांची ईडीपी पॅनेलेही असतात, आणि त्यांचा कनेक्टर एलव्हीडीएसच्या ४० पिनांच्या कनेक्टरसारखाच दिसतो. केबल आत सरकते, पण विजेची मांडणी पूर्ण वेगळी असते. बॅकलाइटच्या तारांमधून बॅटरीच्या किंवा अ‍ॅडाप्टरच्या पातळीचा, म्हणजे १९ व्होल्टपर्यंतचा दाब वाहतो, तर पॅनेलच्या सर्किटला केवळ ३.३ व्होल्ट हवे असतात. चुकीच्या पिनेवर हा दाब गेला, तर पॅनेल कायमचे निकामी होऊ शकते आणि मदरबोर्डवरील फ्यूजही उडू शकतो. कनेक्टर बसला म्हणजे जोडणी जुळली, असे कधीही समजू नये.

एलव्हीडीएस असलेल्या लॅपटॉपमध्ये १३६६ × ७६८ साठी तारांचा एकच संच, म्हणजे एक चॅनेल पुरतो. १६०० × ९०० किंवा १९२० × १०८० साठी दोन चॅनेल लागतात, कारण सम आणि विषम पिक्सेल वेगवेगळ्या चॅनेलमधून जातात. कमी रेझोल्यूशनच्या लॅपटॉपसोबत आलेल्या केबलमध्ये दुसऱ्या चॅनेलच्या तारा घातलेल्याच नसतात. म्हणून अशा वेळी पॅनेलसोबत दोन चॅनेलची केबलही घ्यावी लागते, आणि तेही मदरबोर्डने दुसरा चॅनेल कनेक्टरपर्यंत आणलेला असेल तरच. थिंकपॅड एक्स २२० आणि एक्स २३० यांना १९२० × १०८० चे पॅनेल बसवणारे हौशी लोक एलव्हीडीएसचा नाद सोडून, डॉकसाठी दिलेला डिस्प्लेपोर्टचा सिग्नल एका वेगळ्या छोट्या बोर्डमार्फत स्क्रीनकडे वळवतात. त्यासाठी मदरबोर्डवर बारीक सोल्डरिंग करावे लागते. ज्याचा त्यात हात बसलेला नाही, त्याने हा मार्ग निवडू नये.

ईडीपीमध्ये चॅनेलऐवजी लेन, म्हणजे चित्राचा सिग्नल नेणाऱ्या तारांच्या जोड्या मोजतात. सर्वसाधारण वेगाने एका लेनवरून सेकंदाला २.७ गिगाबिट जातात आणि त्यातील २.१६ गिगाबिट प्रत्यक्ष चित्रासाठी उरतात. १३६६ × ७६८ चे चित्र ६० हर्ट्झला त्यात आरामात मावते. १९२० × १०८० ला ६० हर्ट्झवर रंगांच्या खोलीनुसार साधारण २.५ ते ३.३ गिगाबिट लागतात, म्हणून दोन लेन हव्यात. २५६० × १४४० ला सहा गिगाबिटच्या जवळपास लागतात, म्हणजे याच वेगाच्या चार लेन किंवा दुप्पट वेगाच्या दोन. या साध्या हिशेबातच पुष्कळ फसलेल्या प्रयत्नांचे कारण दडलेले आहे: ३० पिनांच्या केबलमध्ये दोन लेनची जागा असते, परंतु कमी रेझोल्यूशनच्या लॅपटॉपसाठी बनवलेल्या केबलमध्ये पुष्कळदा एकाच लेनच्या तारा भरलेल्या असतात.

हे मी स्वतः भोगले आहे. एका १४ इंची लॅपटॉपसाठी मी सर्व मापे, पट्ट्या आणि पिना जुळवून पॅनेल मागवले. जोडल्यावर बॅकलाइट उजळला, पण त्या उजेडात काहीच उमटले नाही. जुने पॅनेल परत लावले, तर ते व्यवस्थित चालले. दोन दिवस मी नव्या पॅनेललाच दोष देत होतो. अखेर केबलच्या टोकावरची पातळ चिकटपट्टी हळूच उचलून भिंगाखाली पाहिले, तेव्हा बारीक तारांच्या दाट रांगेत एके ठिकाणी दात पडल्यासारखी मोकळी जागा दिसली. ३० पिनांच्या प्रचलित मांडणीत ६ आणि ७ क्रमांकांच्या पिना पहिल्या लेनच्या, तर ३ आणि ४ दुसऱ्या लेनच्या असतात. माझ्या केबलमध्ये ३ आणि ४ वर तारच नव्हती. योग्य केबल आल्यावर तेच पॅनेल पहिल्या प्रयत्नात लागले.

त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी या दोन जागा भिंगाने पाहाव्यात. पिनांचे क्रमांक कनेक्टरच्या कोणत्या टोकापासून सुरू होतात, हे पॅनेलवरील कनेक्टरशेजारी छापलेल्या आकड्यावरून कळते. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सुट्या भागांची यादी असते. तुमचे मॉडेल दोन्ही रेझोल्यूशनमध्ये विकले गेले असेल आणि यादीत दोहोंसाठी एकाच क्रमांकाची केबल असेल, तर चिंता मिटली. दोन वेगळे क्रमांक असतील, तर जास्त रेझोल्यूशनची केबल पॅनेलसोबतच मागवावी. तुमचे मॉडेल जास्त रेझोल्यूशनमध्ये कधी विकलेच गेले नसेल, तर मदरबोर्डने दुसरी लेन दिली आहे की नाही हा प्रश्न उरतो, आणि अशा वेळी परत करता येईल असेच पॅनेल घ्यावे.

मापांबाबत थोडक्यात सांगतो. केवळ १५.६ इंच हा आकडा पुरेसा नाही. पट्ट्यांसह येणारी पॅनेल साधारण ३५९.५ मिलिमीटर रुंद असतात, तर बारीक कडांच्या लॅपटॉपमधील बिनपट्ट्यांची साधारण ३५०.७ मिलिमीटर. पट्ट्या वर-खाली आहेत, बाजूला आहेत की मुळीच नाहीत, कनेक्टर पाठीमागून पाहता डावीकडे आहे की उजवीकडे, आणि पॅनेलची जाडी किती, हे सारे जुळले पाहिजे. १६:१० आकाराचे पॅनेल १६:९ च्या झाकणात बसत नाही. स्पर्शाने चालणाऱ्या स्क्रीनमध्ये काच आणि पॅनेल अनेकदा एकमेकांना चिकटवलेले असतात. तेथे पूर्ण झाकणच बदलणे शहाणपणाचे ठरते.

खोलणे

साधने फार लागत नाहीत: बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारची प्लेक्ट्रम, टोकाशी बोथट चिमटा, मऊ कापड आणि स्क्रू ठेवण्यासाठी खणांची डबी. धातूचे पाते स्क्रीनभोवतीच्या चौकटीच्या फटीत घालू नये. ते घसरले की पॅनेलच्या कडेला तडा जातो.

लॅपटॉप पूर्ण बंद करून अ‍ॅडाप्टर काढावा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढून ठेवावी. आत असेल तर तळाचे झाकण उघडून तिचा कनेक्टर मदरबोर्डपासून सोडवावा आणि मग पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. ही पायरी कुणी कंटाळ्याने टाळू नये. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनची केबल किंचित तिरकी निघाली, तरी बॅकलाइटच्या पिनेचा शेजारच्या पिनेला स्पर्श होऊन फ्यूज उडू शकतो. मग पॅनेल कितीही चांगले असले तरी स्क्रीन काळोखीच राहते.

आता बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट. तिच्या खालच्या कोपऱ्यांत रबरी टिकल्यांखाली स्क्रू दडलेले असू शकतात, ते आधी काढावेत. मग झाकण जवळजवळ सपाट उघडून, चौकटीची आतली कडा बोटांनी स्क्रीनपासून बाहेर ओढत एकेक खटका सोडवावा. वरच्या कडेपासून सुरुवात करून बाजूंनी खाली यावे. बिजागरांजवळ चौकट सर्वांत नाजूक असते, आणि काही मॉडेलांत ती चिकटपट्टीने धरलेली असते. तेथे हेअर ड्रायरची सौम्य ऊब देऊन पट्टी सैल करावी. चौकटीच्या मागे वायफायच्या अँटेनांच्या तारा, कॅमेऱ्याची केबल आणि झाकण मिटल्याचे लॅपटॉपमधील सेन्सरला कळवणारे छोटे चुंबक असू शकते. हे चुंबक निखळून पडले आणि परत बसवले नाही, तर झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपेत जाईनासा होतो.

पट्ट्यांचे पॅनेल असेल तर चार किंवा अधिक स्क्रू काढून ते कीबोर्डवर अंथरलेल्या कापडावर पालथे झोपवावे. बिनपट्ट्यांच्या पॅनेलमागे ताणून काढायच्या लांब चिकटपट्ट्या असतात. त्यांचे टोक पकडून, शक्य तितके पॅनेलला समांतर ठेवून, सावकाश आणि न थांबता ओढावे. पॅनेल नेहमी दोन्ही बाजूंच्या कडांनी धरावे. त्याच्या खालच्या अंगाला सर्किटची अरुंद पट्टी असते, आणि काचेपर्यंत जाणारे तिचे लवचीक धागे इतके नाजूक असतात की तेथे अंगठा दाबला गेला तर स्क्रीनवर कायमची उभी रेघ येऊ शकते.

पाठीमागे केबलच्या टोकावर पारदर्शक चिकटपट्टी असते. ती सोलून काढावी. ईडीपीच्या कनेक्टरवर पुष्कळदा तारेची बारीक कडी आडवी अडकवलेली असते, ती आधी उलटी फिरवावी. मग कनेक्टर पॅनेलच्या पृष्ठभागाला समांतर, ज्या दिशेने केबल बाहेर पडते त्याच दिशेने सरळ ओढावा. वर उचलल्यास पॅनेलवरील खोबण उपटून येते. खिळा उपटण्याइतका जोर लावावा लागत असेल, तर कुठेतरी कडी अजून अडकलेली आहे हे नक्की.

केबलही बदलायची असेल, तर ती मदरबोर्डपासून बिजागरातून वर येते. तिचा मूळ मार्ग, वळणे आणि टेपांच्या जागा यांचे फोटो घेऊनच जुनी काढावी. बिजागराजवळ नवी केबल ताणलेली राहिली तर काही महिन्यांत तुटते, आणि ढिली राहिली तर चिमटली जाते.

बंद करण्याआधीची चाचणी

नवे पॅनेल कापडावर पालथे ठेवून केबल सरळ आत सरकवावी. दोन्ही टोकांना फट सारखीच दिसली पाहिजे. एक बाजू केसभर जरी बाहेर असली तरी काढून पुन्हा बसवावी. मग कडी लावून त्यावर चिकटपट्टी दाबावी. पॅनेलची धातूची पाठ कुठल्याही उघड्या सर्किटला टेकत नाही याची खात्री केल्यावरच बॅटरी जोडावी आणि पॅनेल सांभाळून उभे धरून लॅपटॉप सुरू करावा. वरचे संरक्षक आवरण या टप्प्यावर काढू नये, कारण पॅनेल परत करण्याची वेळ येऊ शकते.

उत्पादकाचे चिन्ह दिसले की निम्मी काळजी संपते. बॅकलाइट आहे पण चित्र नाही, तर संशय लेनवर किंवा अर्धवट बसलेल्या कनेक्टरवर घ्यावा. चित्र अगदी अंधूक आहे आणि टॉर्च मारल्यावरच दिसते, तर बॅकलाइटला वीज मिळत नाही, म्हणजे फ्यूज आणि बॅकलाइटला वीज पुरवणाऱ्या पिना तपासाव्या लागतील. चित्रात रंगीत ठिपके किंवा लुकलुक असेल, तर बहुधा केबलचा संपर्क कच्चा आहे.

सर्व ठीक असेल तर संपूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग पूर्ण स्क्रीनवर दाखवून पाहावेत. मृत पिक्सेल भरीव रंगांवर दिसतात, तर कडांमधून गळणारा उजेड अंधाऱ्या खोलीत काळ्यावर. ब्राइटनेसच्या कळा सगळ्या पायऱ्यांवर चालतात का, आणि लॅपटॉप झोपेतून उठल्यावर चित्र परत येते का, हेही इथेच बघावे.

मग पुन्हा बंद करून, बॅटरी सोडवून, पॅनेल पक्के करावे. आधी सर्व स्क्रू हलकेच लावून पॅनेल मध्यात आणावे, नंतरच आवळावेत. बिनपट्ट्यांच्या पॅनेलसाठी नव्या चिकटपट्ट्या घ्याव्यात, जुन्या पुन्हा धरत नाहीत. बेझल दाबण्यापूर्वी कोणतीही तार खटक्याखाली आलेली नाही हे पाहावे. शेवटचा खटका लागल्यावर बॅटरी पुन्हा जोडून लॅपटॉप सुरू करावा आणि झाकण दहा-बारा वेळा सावकाश उघडून मिटावे. एखाद्या विशिष्ट कोनात चित्र थरथरले तर केबल बिजागरात दबते आहे. तेव्हाच उघडून दुरुस्त करावे.

सेटिंगमध्ये रेझोल्यूशन १९२० × १०८० आणि ६० हर्ट्झ दिसत असल्याची खात्री करावी. १५.६ इंचावर स्केलिंग १०० किंवा १२५ टक्के, तर १४ इंचावर १२५ टक्के डोळ्यांना बरे पडते. जुन्या अंतर्गत ग्राफिक्सलाही लेखन, ब्राउझिंग आणि व्हिडिओ यांसाठी हे रेझोल्यूशन जड जात नाही. खेळांमध्ये मात्र दुप्पट पिक्सेल रंगवायचे असल्याने वेग कमी होतो, तेव्हा खेळाचे रेझोल्यूशन स्वतंत्रपणे खाली आणावे.

काढलेले पॅनेल आणि जुनी केबल नव्या पॅनेलच्याच खोक्यात, काचेवर फोम ठेवून जपावी. पुढे कधी स्क्रीन अचानक काळी पडली, तर दोष पॅनेलचा आहे की मदरबोर्डचा, हे ती जुनी जोडी लावून काही मिनिटांत कळते.